पायाखालची माती



नवीन घर पाहायला पाहुणे आले, की त्यांची नजर रंगाकडे, दरवाजाकडे आणि फरशीकडे जाते. पाया कोणी पाहत नाही, कारण तो जमिनीत गाडलेला असतो. उर्दूत आपण ज्याला ‘बुनियाद’ म्हणतो, त्यालाच मराठीत ‘पाया’ म्हणतात. भिंती, छप्पर आणि माणसे यांचे ओझे पाया पेलतो. मग पायाचे ओझे कोण पेलते? त्याच्या खालची माती! म्हणून घर बांधण्याआधी मातीची ओळख करून घेतली पाहिजे.

रायगड जिल्ह्यातील पाली हे सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण. गावाला लागून सरसगडाचा उंच कातळ आहे आणि जवळून अंबा नदी वाहते. अशा ठिकाणी थोड्या अंतरावर जमीन बदलते. डोंगराच्या पायथ्याशी थोडे खणले, तरी मुरूम लागतो. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक. त्याच्याखाली कातळ असतो. नदीकाठी आणि भातखाचरांत मात्र मऊ गाळ व चिकणमाती सापडते. म्हणून शेजाऱ्याचा पाया जेवढा खोल, तेवढाच आपला पुरेल, असे समजू नये.

पायासाठी खड्डा खणताना प्रत्येक थराची माती वेगळी ठेवा. मग पुढील प्रयोग करून पाहा.

पहिला प्रयोग नजरेचा. सर्वांत वरच्या मातीत मुळे आणि कुजलेला पाला असतो. ही माती पुढे खचते. ती घराखाली नको. परसातल्या झाडांना घाला.

दुसरा प्रयोग हाताचा. माती ओली करून तळहातांवर तिची वळी करा. बारीक, लांब वळी न तुटता झाली, तर ती चिकणमाती आहे. अशी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. घर तिच्यावर उभे असेल, तर भिंतींना तडे जातात. मुरमाची वळी होत नाही. तो हातातच सुटतो.

तिसरा प्रयोग बाटलीचा. काचेच्या बाटलीत थोडी माती व पाणी घालून जोराने हलवा आणि बाटली स्थिर ठेवा. वाळू लगेच तळाशी बसते, गाळ त्यानंतर बसतो आणि चिकणमातीला एक दिवस किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. थर पाहिले, की कोणता भाग किती आहे ते कळते.

चौथा प्रयोग पहारीचा. खड्ड्याच्या तळावर पहार दाबा. ती हाताच्या जोरानेच आत शिरली, तर जमीन मऊ आहे. अजून खोल जावे लागेल.

आता एक गंमत पाहा. खड्ड्यातून काढलेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात टाका. ती मावत नाही. वर ढीग उरतो. असे का? खणताना माती मोकळी होते आणि तिच्या कणांमध्ये हवा शिरते. पावसाचे पाणी मुरले, की हीच माती खाली बसते. कोकणात तर पाऊस भरपूर! म्हणून खणून काढलेल्या मातीच्या भरावावर पाया कधीही उभा करू नये. पाया न खणलेल्या, घट्ट जमिनीवरच टेकला पाहिजे.

मग खणलेली माती फुकट जाते का? नाही. चांगला मुरूम जोत्याच्या आत भरता येतो. मात्र तो एकदम ओतू नये. पंधरा ते वीस सेंटिमीटरचा थर द्यावा, पाणी शिंपडावे, धुमसाने चोपावे आणि मगच दुसरा थर द्यावा. चिकणमाती या कामाला वापरू नये.

माती दुबळी असली, तर मोठी इमारतही झुकते. इटलीतील पिसा शहराच्या मनोऱ्याचे काम ११७३ मध्ये सुरू झाले. काही मजले झाले, तोच मनोरा कलू लागला, कारण एका बाजूची जमीन जास्त खचत होती. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. अभियंत्यांनी दुसऱ्या बाजूची थोडी माती खालून काढली, तेव्हा मनोरा थोडा सरळ झाला. २००१ मध्ये तो पुन्हा उघडला.

पायाखाली पाहिले, तसे घराच्या मागेही पाहा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मुसळधार पावसाने उतारावरची माती भिजून जड होते आणि घसरते. तिच्या मार्गात घर असेल, तर पक्का पायाही ते वाचवू शकत नाही.

मुलांनो, हे प्रयोग अभियंत्याची जागा घेऊ शकत नाहीत. पाया किती खोल व किती रुंद असावा, हे त्यालाच ठरवू द्या. पण घरी बांधकाम निघाले, तर वडिलांना आणि गवंड्याला एवढे जरूर विचारा, “पायाखाली कोणती माती लागली?” घरात आईवडिलांची आयुष्यभराची कमाई असते. हा प्रश्न खड्डा उघडा असतानाच विचारायचा असतो. खड्डा बुजला, की उत्तर भिंतीवरच्या तड्यांतून मिळते.

शब्दार्थ
कातळ – अखंड खडक
भराव – खड्डा भरण्यासाठी टाकलेली माती
जोते – जमिनीच्या वर आलेला घराचा पाया
धुमस – माती चोपण्याचे जड अवजार
खचणे – खाली बसणे

स्वाध्याय
१. खणलेली माती पुन्हा खड्ड्यात का मावत नाही?
२. चिकणमाती आणि मुरूम यांतील फरक सांगा.
३. ‘जमीन’, ‘इमारत’, ‘मजबूत’ हे शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द लिहा.
४. शाळेच्या आवारातील माती घेऊन बाटलीचा प्रयोग करा व काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.