मासा आजारी पडला, तर आधी पाणी पाहा

नदीतला मासा आपण सर्वांनी पाहिला आहे. विहिरीतला मासाही पाहिला आहे. आरोग्य खात्याची माणसे डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्याच्या टाक्यांत गप्पी मासे सोडतात, तेही आपल्या ओळखीचे आहेत. पण काचेच्या पेटीत, शोभेसाठी मासा पाळायचा, ही गोष्ट आपल्याकडे तशी नवी. मुंबईला 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तेव्हा काचेआडचा मासा पाहायला लोक मुद्दाम तिथे जात. आता ती हौस घरात आली आहे. आमच्या कुसगावातही कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या दुकानाच्या फळीवर अशी पेटी दिसते. मुले लोणावळ्याहून किंवा पुण्याहून हट्टाने मासे आणवतात.

हौस चांगली आहे. पण पुष्कळ घरी काय होते? पंधरा दिवसांत एक मासा मरतो. महिन्याभरात पेटी रिकामी होते. मूल रडते. मोठी माणसे म्हणतात, "नाजूक जात ती. जगायची नाहीच."

हे खरे नव्हे. सोनमासा, म्हणजे गोल्डफिश, नीट ठेवला तर दहा वर्षेसुद्धा जगतो. तो लवकर मरतो, तो बहुधा पाण्यामुळे. म्हणून या पाठात एकच गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा सांगणार आहोत. माशाचे औषध शोधण्याआधी माशाचे पाणी पाहा.

पाणी कसे बिघडते?

गोठ्यातले शेण-मूत आपण रोज काढतो. चार दिवस काढले नाही, तर जनावराचे खूर कुजतात. माशाचा गोठा म्हणजे त्याचे पाणीच. तो त्यातच खातो, त्यातच घाण करतो, त्यातच श्वास घेतो. नदीत ही घाण वाहून जाते. पेटीत ती कुठे जाणार?

माशाच्या घाणीतून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया नावाचे विष तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी अगदी नितळ दिसते, तरी त्यात विष असू शकते. त्याने माशाचे कल्ले पोळतात. कल्ले म्हणजे माशाची फुप्फुसेच. कल्ले पोळले, की मासा दुबळा होतो आणि दुबळ्या माशाला रोग धरतो.

देवाने यावर एक सोय केली आहे. काही उपयोगी जंतू हे विष खातात आणि त्याचे रूप पालटून ते सौम्य करतात. हे जंतू पेटीतल्या खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहतात. दुधाला जसे विरजण, तसे पेटीला हे जंतू. पण हे विरजण लागायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून नव्या पेटीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडू नयेत. एक-दोन सोडावेत आणि खायला थोडे घालावे.

एकदा एक गृहस्थ आमच्याकडे आले.

"गुरुजी, मासा टेकीला आलाय. कोणतं औषध घालू?"

"औषध राहू द्या. पाणी कधी बदललं?"

"कालच की! सगळं उपसलं, पेटी साबणानं घासली, स्पंज नळाखाली धुतला आणि नळाचं ताजं पाणी भरलं."

मंडळी, दुखणे इथेच होते. साबण माशाला विष. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी पावडर, घालते. ती आपल्याला हवीच. तिच्यामुळे हगवण, कावीळ टळते. पण तीच पावडर माशाचे कल्ले जाळते आणि स्पंजातले विरजणही मारते. त्या गृहस्थांनी स्वच्छता मनापासून केली. फक्त ती माशाच्या कामाची नव्हती.

पाणी कसे बदलावे?

नळाचे पाणी बादलीत भरावे आणि एक दिवस उघडे ठेवावे. म्हणजे टीसीएलचा वास उडून जातो. पावसाळ्यात पावडर जास्त पडते, तेव्हा दोन दिवस ठेवावे. दर आठवड्याला पेटीतले एक चतुर्थांश पाणी काढावे आणि हे मुरलेले पाणी हळूहळू घालावे. वीस लिटरची पेटी असेल, तर पाच लिटर काढा, पाच लिटर घाला. सगळे पाणी एकदम कधीही बदलू नका. काढलेल्या जुन्या पाण्यातच स्पंज पिळून घ्या. नळाखाली धुऊ नका. काढलेले पाणी कुंडीतल्या झाडांना घाला. झाडांना ते खतासारखे आहे.

खाद्य दिवसातून एक-दोन वेळा, चिमूटभर घालावे. दोन मिनिटांत संपेल इतकेच. उरलेले खाद्य काढून टाकावे.

मासा आजारी आहे हे कसे ओळखावे?

पर मिटून एका कोपऱ्यात बसतो. खात नाही. खड्यांवर अंग घासतो. रंग फिका पडतो. पाण्याच्या वर येऊन तोंड उघडतो आणि मिटतो. सगळेच मासे एकदम असे तोंड वर करू लागले, तर तो रोग नव्हे. पाण्यात प्राणवायू कमी पडला किंवा पाण्यात विष झाले, असे समजावे. हवेचा पंप लावावा. वीज गेली असेल, तर तांब्याने पेटीतलेच पाणी घेऊन वरून हळूहळू धार धरावी. मग पाव भाग पाणी बदलावे. पुष्कळदा एवढ्यानेच मासे सावरतात.

पांढरे ठिपके

आपल्या मावळात पावसाळा लागला, की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पेटीतले पाणी गारठते. गारठ्याने माशाची ताकद कमी होते. अशा वेळी माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावे तसे पांढरे ठिपके उठतात. हा एका अगदी बारीक जीवाचा रोग आहे.

हा जीव माशाच्या कातडीखाली वाढतो. तिथे त्याला औषध लागत नाही. पुरता वाढला, की तो गळून तळाशी पडतो. तिथे एकाची शेकडो पिल्ले होतात. ती पोहत सुटतात आणि नवा मासा शोधतात. औषध किंवा मीठ लागू पडते, ते या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून एका दिवसाच्या उपायाने काही होत नाही. ठिपके गळाले, म्हणजे रोग गेला असे नाही. पाणी गार असेल, तर हे चक्र आणखी लांबते. उपाय दोन आठवडे तरी चालवावा.

एका माशाला ठिपके दिसले, तरी साऱ्या पेटीला उपाय करावा. उपाय खड्या मिठाचा. एक लिटर पाण्याला दोन ग्रॅम मीठ. आता हिशेब करू. पेटी वीस लिटरची. 20 गुणिले 2, म्हणजे 40 ग्रॅम. मीठ अंदाजाने घालू नका. वाण्याकडच्या काट्यावर तोलून आणा. ते वेगळ्या भांड्यात विरघळवा आणि तीन वाटे करून दिवसभरात तीन वेळा घाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पाणी आटते, पण मीठ आटत नाही. आटलेल्या पाण्याच्या जागी नुसते पाणी घाला. पाच लिटर पाणी काढून नवे पाच लिटर घातले, तरच त्या पाचांपुरते, म्हणजे 10 ग्रॅम, मीठ घाला. नाही तर मीठ वाढत जाईल आणि उपायच अपाय होईल. मिठाने पेटीतली काही झाडे मरतात. ती आधी काढून ठेवावी. मिशीवाल्या माशांना मीठ कमी सोसते. त्यांच्यासाठी निम्मेच घालावे.

पाणी तापवणारी कांडी असेल, तर पाणी हळूहळू, दोन दिवसांत, 28 अंशांपर्यंत न्यावे. ऊब मिळाली, की किड्याचे चक्र लवकर पुरे होते आणि तो मिठाच्या तावडीत सापडतो. मात्र कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो. म्हणून हवेचा पंप चालूच ठेवावा. या दिवसांत तळाची घाण नळीने ओढून काढावी.

पर कुजणे आणि बुरशी

पराच्या कडा फाटक्या, पांढुरक्या दिसतात. रोज थोडा पर झडतो. हा जंतूंचा रोग. तो घाणेरड्या पाण्यात होतो, किंवा एक मासा दुसऱ्याला चावला तर जखमेतून होतो. चावरा मासा वेगळा करा. दर दोन दिवसांनी पाव भाग पाणी बदला. वर सांगितले तेवढे मीठ ठेवा. कूज अंगापर्यंत पोचली नसेल, तर पर पुन्हा फुटतो.

जखमेवर कापसासारखा पुंजका दिसला, तर ती बुरशी. सोनमाशासाठी मिठाची आंघोळ चांगली. वेगळ्या भांड्यात पेटीतलेच पाणी घ्या. एक लिटरला 10 ग्रॅम मीठ विरघळवा. मासा त्यात पाच मिनिटे ठेवा. जवळून हलू नका. मासा कलंडू लागला, तर वेळ न पाहता लगेच बाहेर काढा.

बुरशी मेलेल्या गोष्टीवर आधी धरते, मग जिवंतावर जाते. याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा वीज कंपनीचा तलाव आहे. तिथे 1970 नंतरच्या वर्षांत महसीर माशाची पैदास करण्याचे मोठे काम झाले. हा आपल्या नद्यांचा मासा. 1839 साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. महसीरची अंडी स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवावी लागतात. मेलेले अंडे दिसले, की ते वेचून काढावे लागते. नाही तर त्याच्यावरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. लाखमोलाच्या माशालाही पहिले औषध तेच. स्वच्छ पाणी, आणि मेलेले ते बाजूला.

पोट फुगणे

मासा उलटा तरंगतो, पोट फुगते. पुष्कळदा हे जास्त खाल्ल्याने होते. दोन-तीन दिवस उपास घडवा. माशाला त्याने काही होत नाही. पण पोट फुगून खवले कणसाच्या पात्यांसारखे उभे राहिले, तर आतले अवयव बिघडले आहेत. असा मासा बहुधा वाचत नाही. त्याला वेगळे ठेवावे म्हणजे इतर वाचतील.

औषध घालण्यापूर्वी

घरातल्या माणसांच्या गोळ्या फोडून पाण्यात टाकू नका. त्यांनी पेटीतले विरजण मरते, आणि रोगाचे जंतू त्या औषधाला पुढे दाद देत नाहीत. लाल पोटॅश किती घालायचे असते ठाऊक आहे? वीस लिटरला चिमटीत न मावेल इतके कमी. घरी ते मोजता येत नाही. म्हणून घालूच नये. मिठाने गुण आला नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे.

हाताला जखम असेल, तर हात पेटीत घालू नये. माशांचा एक जंतू जखमेतून शिरून माणसाच्या हातावर न भरणारी गाठ उठवतो. पेटीचे काम झाले, की हात साबणाने धुवावेत. तेव्हा मात्र साबण हवाच!

नवा मासा आणला, की दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. बाजारातून गाय आणली, तर आपण ती लगेच दावणीला इतर जनावरांत बांधत नाही. तसेच हे.

नदीत सोडू नका

आता शेवटची आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. आजारी मासा पाहवत नाही. मग दयेपोटी काही जण तो ओढ्यात किंवा नदीत सोडतात. त्यांना वाटते, आपण जीव वाचवला. पण इंद्रायणी कुरवंड्याकडे उगम पावते, आपल्या खोऱ्यातून देहू-आळंदीला जाते आणि पुढे भीमेला मिळते. आपण वर सोडलेला रोग खाली जातो. 1988 साली ईशान्य भारतात माशांच्या अंगावर लाल जखमा होण्याची साथ आली. पाण्यापाण्यातून ती पुढे देशाच्या इतर भागांत पसरली. गरीब कोळ्यांचे आणि तळेवाल्यांचे त्यात फार नुकसान झाले.

धडधाकट मासाही सोडू नये. शेवाळे खाणारा सकर मासा पेटीत बोटाएवढा असतो. बाहेर तो फूटभराहून मोठा होतो आणि आपल्या माशांचे अन्न खातो. देशातल्या पुष्कळ नद्या-तलावांत तो असाच पसरला आहे. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा. मेलेला मासा पुरावा. रोगी पेटीचे पाणी नाल्यात न ओतता सुक्या जमिनीवर जिरवावे.

पेटी आपली आहे. नदी सगळ्यांची आहे.

ध्यानात ठेवा

1. आधी पाणी, मग मीठ, शेवटी औषध.
2. पाणी मुरवून घाला. पाव भागच बदला.
3. मीठ तोलून घाला.
4. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच.
5. कोणताही मासा नदीत सोडू नका.

प्रश्न

1. स्पंज नळाखाली का धुऊ नये?
2. पेटी तीस लिटरची आहे. पांढऱ्या ठिपक्यांसाठी किती ग्रॅम मीठ लागेल?
3. त्या पेटीतले तीन लिटर पाणी आटले. नवे पाणी घालताना मीठ किती घालाल? का?
4. तुमच्या घरी येणाऱ्या नळाच्या पाण्यात टीसीएल कोण घालते, कधी घालते? चौकशी करा आणि पाच ओळी लिहून आणा.