ड्रायर फिरतो, पण तापत नाही



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कपडे वाळवायला यंत्र लागतं असं मे महिन्यात कोणाला सांगितलं तर तो हसेल. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दोरीवरचं पहिलं धोतर, दुसरं पिळून होईपर्यंत वाळतं. खरी अडचण मृगानंतर येते. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, घरात दोऱ्या बांधल्या तरी लुगडी-चादरी ओल्याच राहतात, पोरांचे गणवेश कुबट वास मारतात, आणि घरात बाळंतीण असली तर विचारूच नका. म्हणून शहरात नोकरीला असलेला मुलगा घरी मशीन पाठवतो. मग थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते, की ड्रायर फिरतो पण तापत नाही.

कारागीर बोलवावा, तर तो काही कोपऱ्यावर बसलेला नसतो. सिरोंच्याहून गडचिरोली जवळपास २०० किलोमीटर. पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडचा रस्ता बंद. २०१९ च्या पावसाळ्यात तर तो कितीदा बंद झाला. तेव्हा घरच्या घरी काय पाहावे आणि कशाला हात लावू नये, हे समजलेले बरे.

सर्वांत आधी, आपल्या मशीनला तापायचे असते का, हे पाहावे. खेड्यापाड्यात बहुतेक घरी दोन टपांची सेमी-ऑटोमॅटिक मशीन असते. एका टपात धुवायचे, दुसऱ्यात वाळवायचे. त्या दुसऱ्या टपाला 'ड्रायर' म्हणतात खरे, पण त्यात हीटर नसतोच. तो टप मिनिटाला १,३०० च्या आसपास फेरे घेऊन पाणी बाहेर फेकतो, एवढेच त्याचे काम. आपल्या कारखान्यातली सेंट्रिफ्युगल मशीन आठवा. मसक्विट जाळीच्या टोपलीत गरगरा फिरते, मळी जाळीतून बाहेर जाते आणि साखर आत राहते. ती साखर ओलसरच असते, तिला पुढे गरम हवा द्यावी लागते. दोन टपांच्या मशीनमध्ये ही पुढची पायरीच नाही. पुष्कळ फुल्ली ऑटोमॅटिक मशीनवर 'एअर ड्राय' असे बटण असते, तेही साधी हवाच ओढते. अशा मशीनचे कपडे गार निघाले तर बिघाड काही नाही, कारागिराला पैसे देऊ नका.

मात्र अशा टपातून कपडे पाणी गळत निघत असतील, तर तो बिघाड समजावा. बहुधा कपडे एका अंगाला गोळा झालेले असतात, वरची प्लास्टिकची चकती नीट दाबलेली नसते, किंवा पाणी जायची नळी वर उचललेली असते. ही नळी जमिनीलगत, उताराने असली पाहिजे.

खरा तापणारा ड्रायर वेगळा. त्याचा मोठा पिंप आडवा फिरतो, मागे हीटरची कॉइल असते, पंखा गरम हवा कपड्यांतून नेतो आणि ती ओली हवा बाहेर सोडतो किंवा आतच थंड करून पाणी वेगळे काढतो. कॉइल बहुधा २,००० वॉटच्या आसपास असते, म्हणजे २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर. याला जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. पंख्याच्या किंवा टीव्हीच्या प्लगमधून, एक्स्टेन्शन बोर्ड लावून चालवला तर तार तापते, प्लग काळा पडतो, आणि ड्रायर तापत नाही ते नाहीच.

आता दाबाची गोष्ट. आपल्या भागात मला सर्वांत जास्त संशय याचाच येतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट, वीज आपल्या दाराशी तयार होते. पण लांबलचक लाइनच्या शेवटच्या घरात ती पोचेपर्यंत पुष्कळदा दमलेली असते. नियमाने दाब २३० व्होल्टच्या ६ टक्के वरखाली, म्हणजे २१६ ते २४४ असायला हवा. कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, हे लक्षात घ्या. दाब १८० वर आला तर उष्णता ६१ टक्केच उरते. १६० वर आला तर निम्म्याहूनही कमी. पिंप मात्र फिरत राहतो, म्हणून माणसाला वाटते मशीन बिघडली. संध्याकाळी तापत नाही आणि पहाटे तापतो असे असेल, तर दोष यंत्राचा नाही. टीव्हीचा लहान स्टॅबिलायझर ड्रायरला लावू नका, तो जळेल. घरच्या इन्व्हर्टरवरही हे यंत्र चालत नाही.

हीटर वीज ओढतो की नाही, हे यंत्र न उघडता कळते. घरातले बाकी सर्व दिवे-पंखे बंद करा, ड्रायर गरम हवेवर लावा आणि विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा घड्याळ लावून मोजा. एका युनिटला किती लुकलुकी, ते मीटरवरच छापलेले असते, पुष्कळ मीटरवर ३,२०० असते. तेवढे असेल तर २,००० वॉटचा हीटर चालू असताना दिवा मिनिटाला शंभराच्या वर लुकलुकतो. नुसती मोटार फिरत असेल तर दहा-पंधरा वेळाच. कारागिराला फोनवर हा आकडा सांगितला, तर कोणता सुटा भाग बरोबर आणायचा ते त्याला अगोदरच कळते. दोन चकरा वाचतात.

मोजताना एक सावधगिरी ठेवा. फेरीची शेवटची दहा-एक मिनिटे यंत्र मुद्दाम गार हवा देते, तेव्हा मोजून उपयोग नाही. बटण चुकून 'थंड हवा'वर फिरलेले नाही ना, दार खटकन लागले ना, हेही पाहून घ्या. पोरं बटणांशी खेळतातच.

हीटर वीज ओढतो, दाबही ठीक आहे, तरी कपडे ओले राहतात, असे असेल तर हवा कोंडली आहे. कपड्यांची बारीक लव जाळीवर रुईसारखी साचते. ही जाळी दर वेळी काढून साफ करायची असते, वर्षातून एकदा नव्हे. बाहेर हवा सोडणारी नळी दुमडलेली असते, कधी भिंतीला टेकलेली. आपल्याकडे उन्हाळाभर मशीन बंद राहिली की कुंभारीण माशी त्या नळीच्या तोंडात मातीचे घर बांधून ठेवते, हेही पाहिलेले आहे.

हवा कोंडली की आतली उष्णता अडकते. तिथे राखणीला थर्मोस्टॅट असतो, आणि त्याच्याही पुढे थर्मल फ्यूज. हद्दीबाहेर तापले की हा फ्यूज तुटतो, आणि एकदा तुटला की परत जुळत नाही. काही यंत्रांत त्याऐवजी मागच्या बाजूला दाबून परत चालू करायचे बटण असते. म्हणजे फ्यूज तुटला तो कोंडलेल्या हवेमुळे. नळी साफ न करता नवा फ्यूज टाकाल, तर तोही थोड्या दिवसांत जाईल.

आणि इथेच आपली माणसे घातक उद्योग करतात. फ्यूज मिळत नाही म्हणून तेवढ्या जागी तारेचा तुकडा जोडून देतात. मोटारपंपाला केले, इथेही चालेल, असा हिशोब. यंत्र लगेच तापते, सगळे खूश. पण आता आत लव आहे, लालबुंद कॉइल आहे आणि अडवणारे कोणी नाही. अमेरिकेत घरोघरी असे ड्रायर आहेत. तिथल्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा हिशोब काढला, तेव्हा ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० घरगुती आगी निघाल्या, आणि यंत्र साफ न ठेवणे हे त्यांतले सर्वांत मोठे कारण ठरले. आपल्याकडे मशीनच्या बाजूलाच धानाची पोती आणि वर कौलांखाली सागाच्या फळ्या असतात. तार जोडून द्या म्हणणारा कारागीर असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मोबाइलवर अमेरिकेतले चलचित्र पाहून दुरुस्ती करणाऱ्यांसाठीही एक सूचना. तिकडे मोटार १२० व्होल्टवर चालते आणि हीटर २४० वर, म्हणून त्यांचा अर्धा पुरवठा गेला तर पिंप फिरतो पण तापत नाही. आपल्याकडे दोन्ही एकाच २३० व्होल्टवर असतात. ती खूण इथे लागू नाही.

उघडून पाहायचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. प्लग काढल्यावरही मोटारीच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. त्याने मल्टिमीटर लावला की २,००० वॉटच्या चांगल्या कॉइलचा रोध २६ ओहमच्या आसपास दिसतो. काटा हलतच नसेल तर कॉइल तुटली. कॉइलपासून यंत्राच्या पत्र्यापर्यंत रोध कमी दिसला तर ते यंत्र त्या दिवसापासून बंद ठेवायचे, कारण पत्र्यात वीज उतरू शकते. तो आलाच आहे तर घराचे अर्थिंगही तपासून घ्यावे. पुष्कळ घरांत प्लगला तिसरे भोक असते, त्यामागे तार नसते.

राहता राहिला खर्च. एक लिटर पाणी उष्णतेने उडवायला पाऊण युनिटाच्या थोडी कमी वीज जाते. पाच किलो कपडे नीट न पिळता टाकले तर दीड-दोन लिटर पाणी जास्तीचे राहते, म्हणजे दर खेपेला एक-सव्वा युनिट फुकट. कारखान्यात बगॅस जितका चांगला पिळला जातो तितका बॉयलरला बरा, तसेच हे. आधी जोरात फिरवून पाणी काढावे, मगच गरम हवा द्यावी. आणि दोन दिवस उघाड मिळाली तर घोंगड्या-गोधड्या सरळ अंगणात टाकाव्यात, त्या या यंत्रात घालूच नयेत. त्यांच्या वजनाने पट्टा तुटतो.