मुसळीचं बेणं पारखून घ्या

ताईंनो, अकोट, अंजनगाव सुर्जी भागात सफेद मुसळी लावतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. हे नाव १९५५ साली पडलं, मुंबईच्या बोरिवलीवरून! कुळ शतावरीचंच.

ओळख अशी: खोड जवळपास नाहीच, पानं जमिनीलगत, फुलं पांढरी. बोटांसारखी जाड मुळं झुपक्यानं थेट चकतीला चिकटलेली असतात. एका जंगली मुसळीचे कंद मात्र दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला लोंबतात. दोघींत गफलत करू नका.

गटाच्या कर्जातून बेणं घेताना प्रत्येक मुळाला चकतीचा तुकडा आणि डोळा आहे ना, हे हातात घेऊन पाहा. तो नसला तर कोंबच फुटत नाही अन् हप्ता तर भरावाच लागतो.