केन्पो : हाणामारीचं मेकॅनिक्स

कराटे म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पांढरे कपडे, जोरात ओरडणं आणि हाताने फोडलेली कौलं एवढंच येतं. केन्पो हा त्याच घराण्यातला, पण स्वभावाने जरा वेगळा. 'केन' म्हणजे मूठ आणि 'पो' म्हणजे नियम किंवा पद्धत. नाव जपानी, त्याची अक्षरं मूळची चिनी, आणि अमेरिकेत पसरलेला केन्पो वाढला तो हवाई बेटांवर. होनोलुलूत विल्यम चाव यांच्याकडे शिकलेल्या एड पार्कर यांनी १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला शाळा काढली. एल्विस प्रेस्ली त्यांचा विद्यार्थी. १९६४ साली लाँग बीचच्या स्पर्धेत ब्रूस लीला प्रात्यक्षिकासाठी बोलावलं तेही पार्करांनीच.

इतिहास इथेच थांबवते, कारण केन्पो शिकणाऱ्यांना खरी मजा येते ती दुसरीकडेच. बेल्ट मिळाला की आनंद होतो, घाम गाळला की झोप छान लागते, पण ते कुठल्याही खेळात होतं. केन्पोची गंमत म्हणजे इथे प्रत्येक हालचालीला 'का?' विचारायची मुभा आहे आणि त्याला उत्तरही असतं. (आमच्या व्हायवात उलटं असतं, ते सोडा.)

उदाहरण घ्या. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के. म्हणजे ६० किलोच्या माणसाने नुसता हात फेकला तर मागे जेमतेम ३ किलो. तोच ठोसा कंबर फिरवून, पाऊल पुढे टाकून मारला तर अंगाचं वजनही कामाला लागतं. याला पार्कर 'बॅक-अप मास' म्हणत. वजन खाली सोडत मारलं तर ते 'मॅरेज ऑफ ग्रॅव्हिटी', म्हणजे चक्क गुरुत्वाकर्षणाशी लग्न! एफ.ई.च्या मेकॅनिक्समध्ये हेच शिकलो, फक्त तिथे ब्लॉक उतारावरून घसरत होता.

नावं तर झकासच. तलवार म्हणजे हाताची कड, वादळ म्हणजे दंडुका, पिसं म्हणजे केस. म्हणून कोणी केस धरले तर त्यावरचं उत्तर 'क्लचिंग फेदर्स'. सुरुवातीलाच शिकवतात ते 'डिलेड स्वोर्ड' बघा. समोरच्याने उजव्या हाताने कॉलर धरली. डावा पाय मागे, उजव्या हाताने त्याच्या हातावर आतल्या दिशेने ब्लॉक, मग उजव्या पायाची लाथ जांघेत. तो कळवळून वाकतो, मान आपोआप खाली येते, आणि लाथेचा पाय पुढे टेकवता टेकवता हाताची कड मानेवर. हात मघापासून तयारच होता, लाथ होईपर्यंत थांबला, म्हणून तलवार 'डिलेड'. पाय टेकताना वजन पुढे जातं, तेच फटक्यामागे लागतं. (हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये करून बघू नका, प्लीज.)

पण तो वाकलाच नाही तर? मागे सरकला तर? इथे केन्पोवाले सगळ्यात रंगतात. पार्करांनी शिकण्याचे तीन टप्पे मांडले. 'आयडियल'मध्ये सगळं ठरल्याप्रमाणे होतं, 'व्हॉट-इफ'मध्ये समोरचा ठरल्यापेक्षा वेगळं वागतो आणि 'फॉर्म्युलेशन'मध्ये आपण स्वतः उत्तर जुळवतो. एखादी चाल आधी जोडा, मधे घाला, काढून टाका, क्रम बदला. क्लास सुटल्यावरही अर्धा तास वाद चालतो तो यावरच.

माझं एक स्पष्ट मत मात्र आहे. बरेच जण पहिल्या टप्प्यातच रमतात. पार्टनर एक ठोसा मारून पुतळ्यासारखा उभा आणि हे त्याला दहा फटके मारणार! दिसायला भारी, पण खरा माणूस असा उभा राहत नाही. त्याला ढकलू द्या, परत मारू द्या, तेव्हा त्या दहातले दोन शिल्लक राहतात. ज्याने हे कधी करून पाहिलं नाही त्याला आपल्याला नक्की काय येतं हेच कळलेलं नसतं, आणि असा भ्रम घेऊन रात्री रस्त्यावर कोणाशी भिडणं हे काहीच न येण्यापेक्षा धोक्याचं.

जे हे करून पाहतात, त्यांना एक वेगळीच मजा मिळते. पाच फुटांच्या मुलीचा हात सहा फुटी माणसाच्या मानेपर्यंत सहज पोचत नाही, म्हणून ती आधी त्याला जास्त वाकवते किंवा फटका बरगड्यांवर आणते. सहा फुटी माणसाला लाथेची गरज कदाचित पडणारही नाही. त्यामुळे एकाच क्लासमधल्या दोघांचं 'डिलेड स्वोर्ड' काही वर्षांनी पाहिलं, तर ते हुबेहूब सारखं क्वचितच दिसतं.