प्रकल्पाची व्याप्ती आणि मूल्य : बुलढाण्याचा अनुभव

कोणत्याही बांधकामाचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी दोन प्रश्नांचा निर्णय होणे अगत्याचे असते. कामात कशाचा समावेश आहे व कशाचा नाही, हा व्याप्तीचा प्रश्न. होणाऱ्या खर्चातून कोणती गरज भागणार, हा मूल्याचा. किंमत आणि मूल्य एकच नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत लॉरेन्स माइल्स या अभियंत्याने हा भेद शास्त्रशुद्ध रीतीने मांडला.

बुलढाणा जिल्ह्यातील महामार्गांच्या कामांत तो प्रत्यक्ष दिसून आला. रस्त्याच्या भरावासाठी मुरूम कोठून तरी खणावाच लागतो. एरवी टेकडी पोखरली जाते आणि मागे निरुपयोगी खड्डा उरतो. येथे गावतलाव, नाले व नदीपात्रे खोदण्यात आली. रस्त्याला भराव मिळाला आणि गावाची पाणी साठविण्याची क्षमता वाढली. ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीची नीती आयोगानेही दखल घेतली.

हिशेब सोपा आहे. १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद व ३ मीटर खोल खोदाईतून १५,००० घनमीटर माती निघते. त्या जागेत दीड कोटी लिटर पाणी मावते. अर्थात मावणे वेगळे आणि साठणे वेगळे. पाणलोट तोकडा असेल तर खोल तलावही कोरडाच राहावयाचा.

व्याप्तीचा खरा कस लागतो तो येथेच. तलावाच्या तळाचा काळा चिकण गाळ भिजला की फुगतो, वाळला की तडकतो. भरावास तो चालत नाही, त्याखालचा मुरूम चालतो. कंत्राटदारास मुरूम हवा, शेतकऱ्यास गाळ. आराखड्यात ‘माती काढणे’ एवढेच लिहिले, तर गाळ काठावर पडून राहील आणि पहिल्या पावसात पुन्हा तलावात उतरेल. यास्तव गाळ कोणी उचलावा, खोदाई किती खोल न्यावी, बांधाच्या पायथ्यापासून किती अंतर सोडावे, हे कामापूर्वीच लेखी ठरले पाहिजे. काठाच्या उताराकडे तर सहसा कोणाचे लक्षच जात नाही. गुरे पाण्यावर उतरतात त्या बाजूचा उभा कडा जीवघेणा ठरतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजल मुळातच खारट असल्याने खोलीचा निर्णय वेगळ्या कसोटीवर घ्यावा लागतो.

भरावाचे घनमीटर मोजमाप पुस्तिकेत चढतात, कारण त्यावर देयक निघते. तलावात वाढलेल्या साठ्यावर कोणाचेच देयक अवलंबून नसते. ग्रामपंचायतीने खोदाईपूर्वीची व नंतरची तळपातळी स्वतंत्रपणे नोंदवून घेतल्यास तो साठाही मोजता येतो.