शालेय आहारशिक्षण आणि विद्यार्थी स्वयंसेवक

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांचे रूप नीरा डाव्या कालव्याने पालटले. जिरायती बाजरी-ज्वारीच्या प्रदेशात ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले आणि कऱ्हेकाठचे बारामती व सोलापूर मार्गावरील इंदापूर ही बाजारपेठेची गावे शहरे म्हणून वाढली. तथापि शेतात पाणी खेळले म्हणजे घरातील मुलांचे पोषणही आपोआप सुधारते, असे मात्र नाही. २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५७.२ टक्के मुली रक्तक्षयाने पीडित आढळल्या. त्यापूर्वीच्या पाहणीपेक्षा हे प्रमाण वाढलेले आहे, ही बाब शिक्षण व आरोग्य या दोन्ही खात्यांनी गांभीर्याने घेण्याजोगी आहे.

राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि इंदापूरचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय येथे तिची पथके आहेत. प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवाकार्य करावे, अशी अपेक्षा असते. श्रमदान व वृक्षारोपण यांची या योजनेत जुनी परंपरा आहे. शहरातील प्राथमिक व माध्यमिक शाळांतून आहार व आरोग्याचे पाठ देणे हे त्याहून कमी दिसणारे, पण अधिक चिकाटीचे काम होय.

अठरा-एकोणीस वर्षांचा स्वयंसेवक सहावीच्या वर्गापुढे उभा राहतो तेव्हा मुले त्याला 'दादा' म्हणतात, स्वयंसेविकेला 'ताई' म्हणतात. शिक्षकांना किंवा डॉक्टरांना विचारण्यास संकोच वाटणारा प्रश्न या ताईला सहज विचारला जातो. विशेषतः मासिक पाळीविषयीचे प्रश्न. हेच या कार्याचे खरे भांडवल आहे. ते जीवनसत्त्वांचे तक्ते वाचून दाखवण्यात खर्च होऊ नये.

लोहाच्या गोळीचेच उदाहरण घेता येईल. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली निळी गोळी शाळेतून देण्याची योजना आहे. उपाशीपोटी घेतल्यास काहींना मळमळते, शौचाचा रंग काळा होतो. या दोन कारणांनी मुले घाबरतात, घरी आईही धास्तावते आणि पुढील आठवड्यात गोळी खिशातून थेट कचऱ्यात जाते. गोळी जेवणानंतर घ्यावी, काळ्या रंगाने भिण्याचे कारण नाही, गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर चहा पिऊ नये, एवढे तीन मुद्दे ताईने नीट समजावले तरी तो तास सत्कारणी लागला असे म्हणता येईल.

आहाराचा पाठ मुलांच्या डब्यापासून सुरू व्हावा. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हरभऱ्याचा पाला, शेवगा, तांदुळजा हे या भागाचे जुने अन्न. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह शरीराला अधिक मिळते, हे सांगण्यास पैसा लागत नाही. उसाच्या मुलखात गुळाविषयी मात्र थोडे सावधपणे बोलावे लागते. गूळ रक्त वाढवतो हा समज दृढ आहे, परंतु एका खड्यातून मिळणारे लोह अगदीच थोडे असते. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी शालेय पोषण आहार हाही आयताच धडा आहे. प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी हे प्रमाण ठरलेले आहे. स्वयंसेवकांनी ते वर्गात तागडीवर मोजून दाखवावे. पन्नास ग्रॅम भाजी म्हणजे नेमकी किती, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले म्हणजे आपल्या ताटातील उणीव त्यांना कळते आणि ती घरी सांगितली जाते.

मुलांमार्फत घरापर्यंत पोहोचण्याची ही कल्पना नवी नव्हे. मुंबईच्या मालवणी वसाहतीत के. ई. एम. रुग्णालयाच्या वैद्यकीय शिक्षकांनी १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या सुमारास शाळकरी मुलांनाच कुटुंबाचे आरोग्यदूत बनवण्याचा प्रयत्न केला होता. अशा कार्यात मुलांशी संपर्क पुनःपुन्हा साधावा लागतो. स्वयंसेवकांच्या कार्यातील मुख्य दोष नेमका येथेच आढळतो. शिबिर संपते, छायाचित्रे निघतात, अहवाल जातो आणि परीक्षा जवळ आल्या की दादा-ताई पुन्हा त्या शाळेकडे फिरकत नाहीत. एका पथकाने दहा शाळांना एकेक भेट देण्यापेक्षा दोन शाळा निवडून तेथे वर्षभर दर पंधरवड्यास जाणे केव्हाही हितावह ठरेल.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची मुले शहराच्या कडेला पालांतून येऊन राहतात. हजेरीपटावर त्यांची नावे बहुधा नसतात, आणि शाळेत न आल्याने पोषण आहार व लोहाची गोळी या दोहोंना ती मुकतात. त्यांच्यासाठी वर्ग पालाजवळच भरवावा लागेल, तोही संध्याकाळी. नगरपरिषदेची शाळा, प्राथमिक आरोग्य यंत्रणा व महाविद्यालय यांनी हंगामापूर्वीच, म्हणजे दिवाळीच्या आधी, एकत्र बसून पालांची जागा व स्वयंसेवकांच्या पाळ्या ठरवल्या तरच ते शक्य आहे.