दादाच्या गाडीची वाट बघू नकोस

आठवीत गेलीस ना, आता दादाच्या गाडीवर बसून शाळेला जायचं सोड गं. त्याला रानात काम निघालं की तुझी शाळा बुडते. ना तू आजारी, ना पाऊस. सोडायला कुणी नाही, एवढंच कारण. मला हे फार खुपतं. आणि स्कूटीचा हट्ट तर नकोच. अल्पवयीन पोरीच्या हाती गाडी दिली तर 2019 च्या कायद्यानं आप्पांना 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बहादरपुऱ्याहून कंधारला यायला सायकल पुरते. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी 5,000 रुपये मिळतात. आपला तालुका त्यात येतो का, हे मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन विचार, लाजू नकोस. बिहारमध्ये 2006 साली नववीच्या मुलींना सायकली देऊ लागले, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्या. लांबच्या गावांतल्या पोरींना त्याचा जास्त फायदा झाला. आप्पांना हे आवर्जून सांग.

सायकल उंचीला बसणारी घे. सीटवर बसून पायाची बोटं जमिनीला टेकली पाहिजेत. पुढं वाढशील म्हणून मोठी घेतील, तिथं अडून बस. ओढणी साखळीत जाते, ती आडवी घेऊन कमरेला गाठ मार. दप्तर कॅरियरला बांध. ब्रेक रोज घरीच दाबून बघ. पाळीत सायकल चालवू नये असं आजी म्हणेल. पोट दुखत नसेल तर खुशाल चालव. तुझ्या वयाला रोज तासभर अंग हलवायला हवं, त्यातलं बरंचसं या जाण्यायेण्यातच होऊन जाईल.

एकटी मात्र निघू नकोस. गल्लीतल्या पोरी मिळून निघा, एकामागे एक, डाव्या कडेनं. कुणी छेड काढली तर त्याच दिवशी मला सांग. मी आप्पांशी बोलेन, पण तुझी सायकल बंद होऊ देणार नाही. मन्याड नदीला पूर आला तर घरीच राहा.

तुझी फुलवळची मैत्रीण रोज खच्चून भरलेल्या जीपला लटकून येते ना? तिला एसटीचा पास काढायला लाव. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत तो मोफत आहे. अर्ज शाळेतच मिळतो, सोमवारी तिच्यासोबत तूही जा.